हातच्याचा लोप : ड्रायव्हरच्या स्मृतिमागणीतील गुणाकाराविषयी

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने संगणकाच्या अंतर्भागातील हिशेबाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तेव्हा प्रस्तुत लेखकास या विषयाकडे वळण्याचे जे निमित्त घडले ते आधी सांगितलेले बरे. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात दिवाळीनंतरच्या मंडईच्या रात्री झालेल्या एका दंडारीचे ध्वनिमुद्रण झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आम्ही केले होते. दंडार ही रात्रभर चालणारी. तिच्यातील गद्य संवाद बव्हंशी लिखित नसतात, नट ते उभ्याउभ्या रचतो. त्यामुळे बोलीच्या अभ्यासकास एरवी सहसा न मिळणारी क्रियापदांची रूपे तेथे सहज कानी पडतात. मुद्रण सलग सहा तास चालले. यंत्रावरील दिवा अखेरपर्यंत जळत होता. परंतु सकाळी संचिका उघडून पाहतो तो तिची लांबी एक तास एक्कावन्न मिनिटे सत्तावीस सेकंद!

उरलेले चार तास कोठे गेले, याचा उलगडा एका साध्या गुणाकाराने झाला. मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने, दोन मार्ग आणि प्रत्येक नमुन्यास ३ बाइट या प्रमाणाने होत होते. म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. सहा तासांचे ६,२२,०८,००,००० बाइट होतात. आता वेव्ह या संचिकाप्रकाराच्या शीर्षभागात आकारमान लिहिण्यासाठी ३२ द्विमान अंकांची जागा असते आणि तीत ४,२९,४९,६७,२९५ यापेक्षा मोठी संख्या मावत नाही. मुद्रणाच्या आज्ञावलीने आकडा लिहिला, पण त्याचा वरचा भाग जागेअभावी गळाला आणि १,९२,५८,३२,७०४ एवढी बाकी उरली. तिला २,८८,००० ने भागले असता वर सांगितलेली वेळ निघते. सलग मुद्रणास ४ तास ८ मिनिटे ३३ सेकंद झाली, त्या क्षणी हा मोजपट्टा पुन्हा शून्यावर आला होता.

सुदैवाने आवाज संचिकेत पूर्णपणे शाबूत होता. खोटे बोलत होते ते केवळ तिचे शीर्ष. ते दुरुस्त करून चारही तास परत मिळवता आले. परंतु हाच गुणाकार संचिकेच्या शीर्षाऐवजी स्मृतीच्या मागणीत झाला असता, तर परत मिळवण्यासारखे काही उरले नसते. उलट शेजारच्याचेही गेले असते. त्या दुसऱ्या प्रसंगाचा विचार येथे करावयाचा आहे.

या घटनेस इंग्रजीवरून आलेला ओव्हरफ्लो हा शब्द रूढ आहे आणि त्याचे भाषांतर कोणी ‘अतिप्रवाह’ असेही करतात. भंडारा हा तलावांचा जिल्हा. ज्याने येथील जुना मालगुजारी तलाव भर श्रावणात पाहिला आहे त्यास हे नाव किती दिशाभूल करणारे आहे ते लगेच कळेल. तलाव भरला की जास्तीचे पाणी सलंगेवरून वाहू लागते. ते दिसते, त्याचा आवाज येतो, खालच्या बांधीत ते पोहोचते. पाळीच्या आतील पाण्याची पातळी मात्र भरलेलीच राहते. संगणकातील गुणाकारात नेमके याच्या उलट घडते. जास्तीचा भाग कोठेही वाहत नाही, तो नाहीसा होतो. आणि मागे उरलेली संख्या भरलेल्या तलावासारखी नसून जवळजवळ रिकाम्या तलावासारखी असते. वीजमापकाचा आकडा ९९,९९९ नंतर ००,००० होतो, तशी ही गोष्ट आहे. आपल्या प्राथमिक शाळेतील गणिताच्या भाषेत तिचे अधिक अचूक वर्णन करता येते : शेवटच्या स्तंभातील बेरीज झाली, हातचा एक आला, आणि तो ठेवण्यास पुढे स्तंभच नव्हता. या लेखापुरते आपण त्यास ‘हातच्याचा लोप’ म्हणू.

लोप हा शब्द मी मुद्दामच योजला आहे. पाणिनीय परिभाषेत लोप म्हणजे अदर्शन. परंतु प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययाने घडावयाचे कार्य घडू शकते. न दिसणाऱ्याची खूण मागे राहते. संगणकात अशी खूण राहते काय, हा या विषयातील मर्माचा प्रश्न असून त्याकडे आपण पुढे येऊ.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. ध्वनिपत्र, चित्रपत्र, कळफलक इत्यादी उपकरणे आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामधील दुभाष्याचे काम करणारी ही आज्ञावली होय. लिनक्ससारख्या प्रणालीत ती बहुधा कर्नेलच्या आतच चालते. सामान्य आज्ञावल्यांभोवती ज्या भिंती असतात त्या येथे नसतात. कर्नेलमधील एका भागाने दुसऱ्याच्या जागेत लिहिले तर त्यास अडवणारा कोणी नाही. ड्रायव्हरला काम करण्यासाठी स्मृती लागते आणि ती त्याने मागून घ्यावी लागते. मागणी बाइटांत करावयाची असल्याने, ‘अमुक इतक्या नोंदी, प्रत्येकी अमुक बाइटांच्या’ हा हिशेब मागणाऱ्यानेच गुणाकार करून सांगावयाचा, ही पूर्वापार रीत.

समजा, एक नोंद ४८ बाइटांची आहे आणि नोंदींची संख्या बाहेरून, म्हणजे वापरणाऱ्याच्या आज्ञावलीकडून किंवा खुद्द उपकरणाकडून, येते. कोणी ती ८,९४,७८,४८६ अशी कळवली. खरा गुणाकार ४,२९,४९,६७,३२८. पण ३२ अंकी गणनेत हातचा गळून उरतात ते अवघे ३२. कर्नेल ३२ बाइट आनंदाने देतो, कारण मागणी क्षुल्लक आहे. एक नोंदही जीत मावणार नाही अशी ती जागा. त्यानंतर ड्रायव्हर नोंदी भरू लागतो, आणि भरताना मात्र तो मूळ संख्येवर विसंबतो : जवळजवळ नऊ कोटी. पहिल्याच नोंदीचे शेवटचे सोळा बाइट शेजाऱ्याच्या जागेत पडतात. शेजारी कोण आहे हे ज्याला ठाऊक आहे, किंवा जो ते घडवून आणू शकतो, त्याला संगणकाचा ताबा घेण्यास एवढा फटी-एवढा मार्ग पुरतो. नऊ कोटी नोंदी प्रामाणिक माणूस कधी मागणार नाही, हे खरे आहे. आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे चाचण्यांतून निसटत राहते.

२००२ सालच्या जून महिन्यात ओपनएसएसएच या दूरप्रवेशाच्या आज्ञावलीत असाच दोष उघडकीस आला. तो ड्रायव्हर नव्हे. परंतु दोषाचे रूप इतके निर्भेळ आहे की विद्यार्थ्यांस दाखवण्यास त्याहून चांगले उदाहरण नाही. पलीकडून येणाऱ्या उत्तरांची संख्या पलीकडचाच कळवीत असे, तिला एका निर्देशकाच्या आकाराने गुणून जागा मागितली जाई, आणि गुणाकाराची तपासणी नव्हती. निर्देशक ४ बाइटांचा धरला तर १,०७,३७,४१,८२५ उत्तरे कळवली की मागणी भरते फक्त ४ बाइटांची. ही आज्ञावली लिहिणारा गट सुरक्षेविषयीच्या काटेकोरपणाबद्दल जगभर नावाजलेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ड्रायव्हरच्या क्षेत्रातील उदाहरण घ्यावयाचे तर लिनक्सच्या ध्वनिविभागातीलच घेऊ. आमच्या दंडारीशी त्याचे दूरचे नातेही आहे. संकुचित ध्वनी उपकरणाकडे सोपवण्याच्या भागात वापरणारा दोन संख्या देतो : खंडाचा आकार आणि खंडांची संख्या. दोहोंचा गुणाकार म्हणजे लागणारी जागा. २०१२ साली येथे तपासणी नसल्याचे ध्यानात आले व ती घालण्यात आली. ती तपासणी रूपाने निर्दोष होती : गुणाकार करून मग पाहण्याऐवजी, कमाल मर्यादेस खंडाच्या आकाराने भागून खंडांची संख्या त्याहून मोठी तर नाही ना, असे ती विचारीत असे. तरीही दोष गेला नाही. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, ज्या विकासकाने पहिली दुरुस्ती केली होती त्यानेच आपली चूक ओळखून ती पुन्हा सुधारली. घडले होते ते असे : कमाल मर्यादा धरली होती ६४ अंकी यंत्राची, म्हणून भागाकाराची कसोटी पार पडत होती, पण उत्तर साठवले जात होते ३२ अंकी चलात. गुणाकार बरोबर, तपासणी बरोबर, आणि हातचा गळाला तो उत्तर एका पात्रातून दुसऱ्या पात्रात ओतताना.

आता यंत्रे ६४ अंकी झाली, मग हा प्रश्न इतिहासजमा झाला नाही काय, असे विद्यार्थी वारंवार विचारतात. त्यांना हे उदाहरण द्यावे. सी भाषेत दोन ३२ अंकी संख्यांचा गुणाकार ३२ अंकांतच होतो, मग त्याचे उत्तर कितीही रुंद जागेत ठेवा. हातचा आधीच गेलेला असतो. दोन शब्दांचा संधी होताना अवग्रहही न ठेवता गळलेला स्वर पुढे समासास विभक्ती लावली म्हणून परत येत नाही, तशातला हा प्रकार.

गुणाकार आधी करून मग ‘उत्तर मर्यादेपेक्षा मोठे आहे काय’ असे विचारणे हा तर फारच सर्रास आढळणारा प्रमाद. वरच्या उदाहरणात उत्तर ३२ आहे. ते कोणत्याही मर्यादेच्या आतच येणार. चोर घरात शिरून वेष बदलून बसल्यावर दारावर पहारा ठेवण्यासारखे हे आहे. चिन्हयुक्त संख्यांच्या बाबतीत परिस्थिती याहून विचित्र होते. चिन्हरहित संख्यांचा हातचा गळतो तो सी भाषेच्या मानकानुसार ठरलेल्या रीतीने. चिन्हयुक्त संख्यांबाबत मात्र मानक काहीच आश्वासन देत नाही. त्यामुळे भाषांतर करणारी आज्ञावली, म्हणजे कंपायलर, ‘असे कधी घडणारच नाही’ असे गृहीत धरून आपण लिहिलेली तपासणी निरर्थक म्हणून खुशाल वगळू शकते. लेखकाने लिहिलेले वाक्य वाचकाने व्याकरणाच्या आधारे गाळावे, आणि व्याकरण वाचकाच्या बाजूने असावे, असा प्रसंग मानवी भाषांत माझ्या पाहण्यात नाही.

येथे मघाचा प्रश्न घेऊ. लोप पावलेल्या हातच्याची खूण राहते काय? यंत्राच्या पातळीवर ती राहते. बहुसंख्य वैयक्तिक संगणकांत असणाऱ्या एक्स-८६ वंशाच्या प्रक्रियकात चिन्हरहित गुणाकाराची मूळ आज्ञा दुप्पट रुंदीचे उत्तर देते, आणि वरचा अर्धा भाग शून्य नसेल तर तसे सांगणारी पताका उभी करते. म्हणजे यंत्राला सर्व ठाऊक असते. परंतु सी भाषेतील गुणाकाराचे चिन्ह खालचा अर्धा भाग तेवढा घेते आणि पताका पाहण्याचे कोणतेही साधन लेखकाला देत नाही. यंत्रास जे कळते ते सांगण्यास भाषेत शब्द नाही! माझ्या मते या साऱ्या दोषपरंपरेचे मूळ लेखकांच्या निष्काळजीपणात जितके आहे त्याहून अधिक या उणिवेत आहे. गुणाकाराचे चिन्ह पाहताच गणित शिकलेला माणूस त्याचा अनंत पूर्णांकांतील अर्थ मनात आणतो. यंत्र त्याच चिन्हाचा अर्थ वर्तुळाकार मोजणीतला घेते. लेखन एक, वाचने दोन. अशा द्व्यर्थी चिन्हापाशी प्रत्येक लेखकाने प्रत्येक वेळी सावध राहावे हा उपदेश कितीही रास्त असला तरी तो फळत नाही, हे गेल्या कित्येक वर्षांच्या अनुभवाने दाखवले आहे.

म्हणून उपाय झाला तो शब्दसिद्धीचा. मागणी करणाऱ्याने गुणाकार करून एकच संख्या द्यावयाची, ही जुनी रीत सोडून दोन्ही अवयव वेगवेगळे द्यावयाचे आणि गुणाकार व त्याची तपासणी देणाऱ्याने करावयाची, अशी क्रियापदे घडवण्यात आली. सी भाषेच्या ग्रंथालयातील कॅलॉक हे असे जुने क्रियापद. परंतु त्याच्याही काही आवृत्त्या आत मुकाट्याने तपासणीविना गुणाकार करीत असल्याचे २००२ मध्ये दिसून आले होते. लिनक्स कर्नेलमध्ये २०१२ साली शी वांग या संशोधकाने केमॅलॉक-अ‍ॅरे हे रूप दाखल केले. त्याच वर्षी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी असे दोष यंत्राकरवी शोधण्याची पद्धती प्रसिद्ध केली आणि कर्नेल व इतर दोन आज्ञावली मिळून शंभरावर दोष उजेडात आणले. ओपनबीएसडी या प्रणालीने २०१४ साली रीअ‍ॅलॉक-अ‍ॅरे आणले. कंपायलरांनीही पताकेसाठी शब्द दिला : जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीत, २०१५ साली, गुणाकार करून ‘हातचा गळाला काय’ याचे होय-नाही उत्तर देणारी अंगभूत क्रिया आली. सी भाषेच्या मानकात तशी सोय शिरण्यास मात्र सी-२३ ची वाट पाहावी लागली.

नवे शब्द कोशात आले म्हणून ते वापरात येतात असे नाही, हे परिभाषासमित्यांवर काम केलेल्या कोणासही सांगावयास नको. कर्नेलमध्ये जुन्या धाटणीची वाक्ये विखुरलेली होती आणि ती हाताने बदलणे अशक्यप्राय होते. २०१८ मध्ये कीस कुक यांनी ती एकदम बदलली, आणि त्यासाठी जे साधन वापरले ते भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने आवर्जून अभ्यासावे असे आहे. फ्रान्समध्ये विकसित झालेल्या कॉक्सिनेल या साधनात आपण अक्षरांची नव्हे तर वाक्यरचनेची अदलाबदल सांगतो : ‘जेथे मागणी या क्रियेचा पहिला कारक गुणाकार असेल, तेथे तो दोन कारकांत फोडून क्रियापद बदला.’ नियमास अपवादही होते. दोन्ही अवयव स्थिरांक असतील तर वाक्यास हात लावावयाचा नाही, कारण ते लिहितानाच तपासता येते. एक अवयव एका बाइटाच्या प्रकाराचा आकार असेल तर तो अवयवच गाळावयाचा, कारण एकाने गुणणे व्यर्थ. तीन अवयव असतील तर निराळे रूप. सामान्य नियम, त्याचे अपवाद, अपवादांचा क्रम. उत्सर्ग आणि अपवाद यांची ही मांडणी आपल्या व्याकरणपरंपरेत वाढलेल्या वाचकास अनोळखी वाटू नये.

त्याच सुमारास, म्हणजे कर्नेलच्या ४.१८ या आवृत्तीत, स्ट्रक्ट-साइझ हे रूपही आले. ड्रायव्हरमध्ये पुष्कळदा एक ठराविक शीर्षभाग आणि त्यामागे अनिश्चित संख्येच्या नोंदींचे शेपूट अशी रचना असते. तेथे गुणाकारानंतर बेरीजही करावी लागते आणि हातचा दोहोंपैकी कोठेही गळू शकतो. हे रूप हिशेब फसला की खोटी लहान संख्या देण्याऐवजी त्या रुंदीतील सर्वांत मोठी संख्या देते. इतकी स्मृती कोणीच पुरवू शकत नाही. साहजिकच मागणी नाकारली जाते आणि ड्रायव्हर चूक कळवून माघार घेतो. ही युक्ती मला फार मार्मिक वाटते. आता त्या संख्येत निष्काळजीपणे आणखी एक मिळवला की ती पुन्हा शून्य होते आणि केलेली सारी व्यवस्था वाया जाते. म्हणून पुढील बेरजाही त्याच जातीच्या, टोकाला थांबणाऱ्या क्रियांनी कराव्यात अशी सोय नंतर केली गेली.

संख्या बरोबर असूनही मोजमापाचे एकक चुकण्याचा एक प्रकार देवनागरी लिहिणाऱ्यांच्या वाट्यास विशेष येतो. ‘भंडारा’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. युनिकोडच्या दृष्टीने त्यात सहा चिन्हे आहेत. यूटीएफ-१६ मध्ये त्यांचे १२ बाइट होतात आणि यूटीएफ-८ मध्ये १८. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरांचा शब्द सात चिन्हांचा व यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा आहे. तेव्हा ‘नावाची लांबी’ असे जेथे लिहिलेले असेल तेथे अक्षरे, चिन्हे की बाइट, हे ठरल्याखेरीज गुणाकाराला अर्थच नाही. यूएसबी उपकरणे आपले नाव ज्या वर्णनपत्रात सांगतात त्यात ही गोष्ट फार सुटसुटीतपणे दिसते. त्या पत्राची एकूण लांबी एका बाइटात लिहावयाची असते. त्यात दोन बाइट शीर्षाचे आणि मागे यूटीएफ-१६ मधील नाव. म्हणून नावास अधिकात अधिक १२६ एकके. १२७ वे एकक घातले की लांबी होते २५६, आणि एका बाइटात ती लिहिली जाते शून्य. ३२ अंकांचे आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांस मी फळ्यावर हेच उदाहरण करून दाखवतो. दोन मिनिटांत हातचा कोठे गेला ते सर्वांना दिसते.

हिशेब न फसताही मागणी अवास्तव असू शकते, हेही येथे नोंदवले पाहिजे. चार तासांच्या आवाजाला पुरेल एवढी स्मृती एकदम मागणारा ड्रायव्हर अंकगणितात निर्दोष असेल, व्यवहारात नाही; उपकरणाच्या स्वरूपावरून ठरणारी मर्यादा ही तपासणीच्या आधी लावावयाची गोष्ट आहे आणि ती कोणतेही तयार क्रियापद लावून देत नाही. शिवाय जागा किती मिळाली हे मागणीच्या क्षणी कळूनही पुढे विसरले जाते. त्यासाठी नोंदींची संख्या रचनेतील कोणत्या घटकात आहे हे त्या शेपटासच जोडून लिहिण्याची सोय २०२३ पासून कर्नेलमध्ये उपलब्ध झाली असून, ज्या कंपायलरांना ती खूण वाचता येते ते भरतानाही मोजणी पडताळू शकतात.

आमच्या दंडारीच्या संचिकेचे शीर्ष ६४ अंकी आकारमान ठेवणाऱ्या प्रकारात नव्याने लिहून ठेवले आहे. पुढील मुद्रणे दर दोन तासांनी तोडावीत असे ठरले. तेवढ्यात २,०७,३६,००,००० बाइट होतात, जे जुन्या जागेतही मावतात. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरातील जे संवाद हरवले असे वाटले होते, त्यांचे लिप्यंतर सध्या चालू आहे.